तीन सोडून

उन्हाळा लागला आणि मिस्त्रीचा उजवा खांदा संपावर गेला. थापी चालवायला तयार, वीट लावायला तयार, पण घमेलं डोक्यावर चढवायचं म्हटलं की हात कानापाशी येऊन अडायचा आणि मिस्त्रीच्या तोंडून असा आवाज निघायचा की रस्त्याने जाणारी शेळी थांबून वर बघायची. पाऊस पडायच्या आत गिरणीवाल्याची नवी खोली उभी करून द्यायची होती. माल कालवायला, घमेली वाहायला आणि परांचीवर विटा फेकायला एकुलता एक मुलगा होता, वीस वर्षांचा. तो होता म्हणून काम चाललं होतं, आणि हे मिस्त्री सोडून सगळे बोलून दाखवत.

गावात मिस्त्रीला ओळंबा म्हणत. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे ओळंबा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन, भिंत सरळ आहे की नाही हे सांगणारं. त्याला हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्याच्या हातची भिंत झुकली असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्याने सांगितलेलं माप दुसऱ्यांदा मोजून बघायची कुणाला गरज वाटली नव्हती.

टेप मात्र त्याची थोटी होती. मुलगा रांगत होता त्या वर्षी एका ट्रॅक्टरचं चाक तिच्या टोकावरून गेलं आणि पहिले तीन सेंटीमीटर तुटून पडले. मिस्त्रीने पक्कडीने पत्रा वाकवून नवं टोक केलं आणि तीच टेप पुढे चालू ठेवली. टेपवर आकडा दिसेल त्यातून तीन वजा करायचे, झालं. सुरुवातीला तो मनात म्हणायचा, ‘तीन सोडून.’ पुढे म्हणायचंही राहिलं. डोळे एकशेतीन वाचायचे आणि तोंड शंभर म्हणायचं. मधे काय घडतं ते त्याचं त्यालाही कळत नसे.

एका संध्याकाळी हातपाय धुऊन मिस्त्री खांद्याला तेल लावत बसला होता, तर मुलाने त्याच्यापुढे नवीकोरी टेप ठेवली. पिवळीधमक, ओढली की सळकन बाहेर येणारी, सोडली की बोट सांभाळावं लागेल अशी.

“जुनीला काय झालं होतं?” मिस्त्री म्हणाला.

“जुनीला तीन सेंटीमीटर नाहीत, बाबा.”

“मग? नाहीत हे मला माहीत आहे ना?”

“काय मागायचंय ते बोल एकदाचं,” ओट्यापाशी कांदा चिरत असलेली आई म्हणाली. “मागच्या वेळी चपला आणल्यास आणि मग सांगितलंस, सायकल नाल्यात गेली.”

मुलाने खिशातून घडी केलेला कागद काढला. “सैन्यात भरती निघालीय. बांधकामवाल्या पलटणीत.”

“सैन्यात कसलं बांधकाम? शत्रूला घरं बांधून देतात की काय?”

“पूल बांधतात, बाबा. अख्खी नदी ओलांडतील असे, एका दिवसात. रस्ते करतात, खंदक खणतात, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढतात. सगळ्यांच्या पुढे हे जातात, बाकीचे यांनी केलेल्या वाटेने येतात. आणि गवंडीकाम येणाऱ्याला आधी घेतात.”

“म्हणजे मी तुला शिकवलं ते त्यांच्यासाठी,” मिस्त्री म्हणाला.

आईची सुरी थांबली. “सुरुंग म्हणजे ते फुटणारे?”

“शोधून काढले की नाही फुटत.”

“आणि नाही सापडले म्हणजे?”

मुलगा कागदाकडे बघत राहिला. मिस्त्रीने तेलाची वाटी बाजूला सरकवली. त्याच्या मनात सुरुंग थोडा होता आणि घमेलं जास्त होतं, हे त्याचं त्याला कळलं आणि त्याचीच त्याला लाज वाटली. म्हणून तो जरा मोठ्यानेच म्हणाला, “कागदावर उंची किती लिहिलीय?”

“एकशेअडुसष्ट.”

“ये इकडे. आधी मोजू तरी.”

मुलगा भिंतीला टाचा लावून उभा राहिला. मिस्त्रीने त्याच्या डोक्यावर काटकोनी गुण्या टेकवला, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली, नवी टेप जमिनीपासून वर नेली, डोळे बारीक केले, आणि तीस वर्षांच्या सफाईने सांगितलं, “एकशेसहासष्ट.” टेप सळकन आत गेली.

“दोन कमी,” मुलगा म्हणाला.

“दोन कमी,” मिस्त्री म्हणाला, आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

पण मुलाला ती लागली नाही. सकाळी तो फौजीकाकांना घेऊन हजर झाला. फौजीकाका म्हणजे शेजारच्या घरातले निवृत्त सैनिक. सतरा वर्षं ते अशाच पलटणीत होते, स्वयंपाकी म्हणून. ते म्हणत, “पूल मी बांधला नाही. पण मी जेवायला घातलं नसतं तर एक पूल झाला असता का सांगा.” त्यांना चष्म्याशिवाय टेपवरचा आकडा दिसत नसे आणि चष्मा लावला तर तो आकडा सोडून बाकी सगळं दिसे, तरीही त्यांनी मुलाला एक फेरी मारून न्याहाळलं.

“डोळ्याला तर पुरेसा वाटतो,” ते म्हणाले.

“डोळ्याला पुष्कळ वाटतं,” मिस्त्री म्हणाला. “माप एकशेसहासष्ट आहे.”

“मग भरतीपर्यंतच्या दोन महिन्यांत दोन सेंटीमीटर. जवान, होतील. मी एक किलो पिठात चाळीस माणसं जेवलेली बघितली आहेत.”

त्या दिवसापासून घरात मुलाला लांब करायचा कारखाना सुरू झाला. पहाटे उठून तो तळ्यापर्यंत धावत जाई आणि धावत येई, येताना दोन्ही हातांत एकेक वीट. आल्यावर परांचीच्या बांबूला लोंबकळे. फौजीकाकांनी त्याच्या पायांना दोन-दोन विटा बांधायची टूम काढली, तेव्हा बांबू वाकला आणि मुलगा जमिनीला पाय टेकवून लोंबकळायला लागला. मग आईने पाय धरायचे आणि फौजीकाकांनी काखेत हात घालून ओढायचं, असं ठरलं. आईची ताकद जास्त निघाली. तिसऱ्या झटक्याला मुलगा आणि फौजीकाका दोघेही तिच्या अंगावर येऊन पडले.

“उशी काढून घ्या त्याची,” फौजीकाका उठता उठता म्हणाले. “उशीने मान आखडते.”

उशी गेली. केस कापणं बंद झालं, कारण तेवढीच उंची. मिस्त्रीने सांगितलं, मी केस दाबून मोजतो, तरी आईने न्हाव्याला दारातून परत पाठवलं. पुढे तिने टाचा घासायचा दगडही लपवून ठेवला. “राहू देत त्या भेगा,” ती म्हणाली. “खालून वाढला काय आणि वरून वाढला काय.”

आधी सुरुंगाच्या नावाने जिचा जीव वरखाली होत होता तीच बाई आता पोराचे पाय ओढत होती. मिस्त्रीने एकदा तिला विचारलं, “तुला जायला हवाय का तो?”

“नकोय,” ती म्हणाली. “पण दोन बोटांसाठी राहिला तर जन्मभर त्या दोन बोटांकडे बघत बसेल. राहायचं तर आपल्या मनाने राहू दे.”

रविवारी सकाळी मोजणी होई. सकाळी माणूस थोडा लांब असतो असं फौजीकाकांचं म्हणणं होतं, म्हणून मिस्त्रीला चहाच्या आधी उठवलं जाई. मुलगा भिंतीला टेके, गुण्या बसे, रेघ मारली जाई. सगळे श्वास रोखून उभे राहत. नवी टेप वर जाई, आणि मिस्त्री सांगे, “एकशेसहासष्ट.” आठ रविवार झाले. रेघेवर रेघ बसून भिंतीवर काळा पट्टा झाला, पण तो तसूभर वर सरकला नाही. मुलाने एकदाही टेप स्वतःच्या हातात घेतली नाही. बापाच्या मापामागे माप लावायचं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एवढं होऊन बाकीची तयारी थांबली नव्हती. सुरुंग शोधायची तालीम फौजीकाकांनी अंगणातच लावली. स्वयंपाकघरातली अकरा झाकणं त्यांनी मातीत पुरली, वर झाडू फिरवला, आणि मुलाला पोटावर झोपवून हातात सळई दिली. “तिरपी घालायची. सरळ टोचलीस की वर गेलास. हळू. बायकोचं मन जाणून घेतोस असं समज.”

“त्याला कुठे बायको आहे?” मिस्त्री म्हणाला.

“म्हणून तर सराव हवा.”

मुलगा कोपरांवर सरकत, नाकाने माती हुंगत झाकणं शोधू लागला. तासाभरात सहा सापडली. तेवढ्यात आई पाण्याची कळशी घेऊन अंगणातून चालत आली आणि तिच्या पायाखाली टण्ण वाजलं.

“गेल्या!” फौजीकाका ओरडले. “वहिनी, गेलात तुम्ही! आडव्या व्हा!”

“गेले तर गेले,” आई म्हणाली, “आधी डाळीवर काय ठेवू ते सांगा. पातेलं उघडं पडलंय.”

दहा झाकणं निघाली. अकरावं कुठे पुरलं ते फौजीकाकांनाच आठवेना. त्यानंतर त्या घरातली सगळी माणसं बरेच दिवस अंगणातून भिंतीच्या कडेकडेने चालत होती.

गवंडीकामाच्या परीक्षेची तयारी मात्र मिस्त्रीकडे होती, आणि तिथे तो हसत नसे. गिरणीच्या खोलीची मागची भिंत त्याने पूर्ण मुलाच्या हातात दिली. मुलगा विटांचा रद्दा लावे, मिस्त्री मागून ओळंबा सोडे आणि एखादी वीट केसभर बाहेर दिसली की थापीच्या दांड्याने टकटक करून म्हणे, “ही कुठे निघाली? हिला पण भरती व्हायचंय का?” मुलगा वीट काढून पुन्हा बसवे. हळूहळू टकटक कमी झाली. एका दुपारी मिस्त्रीने वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडला, दोरी भिंतीशी एकजीव उभी राहिली, आणि टकटक करायला काही सापडलंच नाही. त्याने पाणी मागितलं. पाणी पिताना त्याच्या मनात आलं की एवढा हात तयार झालेला पोरगा आता पलटणीला द्यायचा, आणि पाठोपाठ आलं की नाही, द्यायचा नाही, दोन कमी आहेत. त्याला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं, पण जास्त बरंच वाटलं.

घरामागच्या नाल्यावर मुलाने चार बांबू, दोन फळ्या आणि दोरखंड घेऊन एका संध्याकाळीत पूल बांधला. गाठी फौजीकाकांनी शिकवल्या होत्या. त्यांना पिठाची पोती बांधायच्या तीनच गाठी येत होत्या, पण त्या पक्क्या होत्या. उद्घाटनाचा मान अर्थातच फौजीकाकांना मिळाला. ते छाती काढून मधोमध आले, सलाम ठोकला, आणि तोल जाऊन नाल्यात बसले. पूल जागचा हलला नाही.

“पूल पास,” चिखलातून ते म्हणाले. “मी नापास.”

भरतीच्या आदल्या दिवशी शेवटची मोजणी झाली. मिस्त्रीने केस दाबले, गुण्या ठेवला, टेप लावली. “एकशेसहासष्ट.”

मुलाने भिंतीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग अर्ज केल्यावर आलेला बोलावण्याचा कागद चार घड्या करून फौजीकाकांच्या हातात दिला.

“मी जात नाही, काका. तिथे शेकडो पोरांसमोर काठीखाली उभं राहायचं आणि ‘आखूड, बाजूला हो’ ऐकायचं. त्यापेक्षा इथे माल कालवतो.”

“जाऊन तर बघ, जवान. त्यांचं माप वेगळं निघालं तर?”

“बाबांचं माप कधी चुकलंय का?” मुलगा म्हणाला, घमेलं उचललं आणि गिरणीकडे चालू लागला.

फौजीकाकांनी कागद फाडला नाही. तो त्यांनी घरी नेऊन तांदळाच्या डब्यात घातला, कारण त्यांच्या मते जगात ती एकच जागा सुरक्षित होती.

मिस्त्री मुलाच्या मागून चालत निघाला. पोरगा राहिला होता. पावसाळ्यानंतर शाळेच्या कुंपणाचं काम होतं, त्याला त्याने दोन माणसं धरून होकार देऊन ठेवला होता. सगळं मनासारखं झालं होतं. पण पुढे चाललेल्या पोराची पाठ बघवत नव्हती. दोन महिने ओढून ताणून जी लांब करायचा प्रयत्न चालला होता ती पाठ एका सकाळीत आखडली होती.

गिरणीवर सुतार येऊन बसला होता. आज खोलीला दार लागायचं होतं. चौकट लोखंडी, मिस्त्रीने महिन्यापूर्वीच भिंतीत पक्की बसवलेली. चौकटीचं आतलं माप त्यानेच घेऊन सुताराला सांगितलं होतं, आणि सुताराने त्याप्रमाणे सागवानी दार करून आणलं होतं, गुळगुळीत, तेलपाणी केलेलं. गिरणीवाला नवा शर्ट घालून उभा होता. दळण घेऊन आलेल्या पाच-सहा बायकाही पिशव्या टेकून उभ्या होत्या, कारण फुकट बघायला मिळणारी गोष्ट कुणी सोडत नाही.

सुताराने बिजागऱ्या ठोकल्या आणि मोठ्या ऐटीत दार ढकललं. दार लागायला गेलं, चौकटीत थांबलं नाही, आणि सरळ पलीकडे निघून गेलं. मग झुलत परत आलं, आणि पुन्हा इकडे निघून आलं.

“हे काय?” गिरणीवाला म्हणाला. “थांबत नाही का हे?”

सुताराने दार धरून ठेवलं. कडेला तीन बोटं जातील एवढी फट होती, आणि खालूनही तेवढीच. तेवढ्यात एक कोंबडी खालून मान वाकवून आत गेली, पीठ खाऊन बाहेर आली आणि चौकशी पुरी झाल्यासारखी निघून गेली. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“दार आखूड केलंस तू,” मिस्त्री सुताराला म्हणाला.

“मी? तू सांगितलंस तेच केलंय. सत्त्याऐंशी बाय एकशेसत्त्याण्णव. फळीवर लिहून ठेवलंय, आण म्हणशील तर फळी आणतो.”

“बरोबरच सांगितलंय मी. चौकट सत्त्याऐंशीच आहे.”

“मोज.”

“मोजतो की.” मिस्त्रीने कमरेची पिवळी टेप काढली, चौकटीला आडवी लावली, डोळे बारीक केले. “सत्त्याऐंशी.”

“तुझी टेप खोटी आहे,” सुतार म्हणाला, आणि त्याने आपली टेप मिस्त्रीच्या टेपेखाली धरली. दोघींची टोकं चौकटीच्या एका कडेला, आणि दुसऱ्या कडेला दोन्ही आकडे एकमेकांखाली. नव्वद आणि नव्वद.

मिस्त्रीने एक टेप पाहिली, दुसरी पाहिली. दोन्ही खऱ्या होत्या. खोटं कोण ते आता उघड होतं. त्याने पुन्हा एकदा आकडा वाचला, नव्वद, आणि तोंड उघडलं, आणि जिभेच्या टोकावर सत्त्याऐंशी येऊन उभं असलेलं त्याला स्वतःला जाणवलं. तीन सोडून. नव्या टेपेतून तो दोन महिने जुन्या टेपेचे तीन वजा करत होता.

हे कळलं त्याच्या पुढच्याच क्षणाला त्याला भिंतीवरचा काळा पट्टा दिसला.

एकशेएकोणसत्तर.

मुलगा बाहेर माल कालवत होता. फावड्याचा खरखर आवाज येत होता. बाकी कुणाला काही कळलं नव्हतं. दार आखूड झालं एवढंच लोकांना दिसत होतं. दाराची भरपाई करून देता आली असती. टेप खिशात घालता आली असती. उद्याचा दिवस गेला की पुढची भरती कधी निघेल कोण जाणे, आणि शाळेच्या कुंपणाला दोन माणसं लागणार होती. खांदा ठणकत होता. मिस्त्री चौकटीत उभा राहिला, किती वेळ ते त्याला पुढे सांगता आलं नाही. सुतार म्हणतो, एक दार चार वेळा झुलून थांबेल एवढा वेळ.

मग त्याने हाक मारली. “ये रे इकडे. फावडं ठेव.”

मुलगा घाम पुसत आला.

“भिंतीला टेक.”

“आता कशाला, बाबा? सकाळी झालं ना.”

“टेक म्हणतो ना!”

मुलगा स्वतःच रचलेल्या भिंतीला टाचा लावून उभा राहिला. मिस्त्रीने सुताराला खूण केली. “तू मोज. मी नाही मोजत. मोठ्याने सांग.”

सुताराने डोक्यावर गुण्या ठेवला आणि टेप खाली सोडली. “एकशेएकोणसत्तर. का? याला दार करायचंय?”

मुलगा वळला. त्याने भिंत पाहिली, टेप पाहिली, बाप पाहिला.

“माप माझं चुकलं,” मिस्त्री म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं आणि ते त्याला नीट बसवता येत नव्हतं. “टेप पुरी होती. मी तीन सोडत राहिलो. सवयीने. दाराचंही तेच झालं आणि तुझंही तेच.”

दळणाला आलेल्या बायकांपैकी एक हळूच म्हणाली, “म्हणजे पोराचे पाय ओढत होते ते उगीचच?”

मुलगा खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मिस्त्रीला वाटलं, पोरगा रडतोय. पण पोराने तोंड वर केलं तेव्हा तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

“आणि माझी उशी, बाबा?”

घरी मात्र हसण्यावारी गेलं नाही. फौजीकाका तांदळात कोपरापर्यंत हात घालून कागद शोधत होते, मुलगा पिशवी भरत होता, आणि आई मिस्त्रीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“खरं सांगा. तुम्हाला तो जायला नको होता.”

“नको होता.”

“म्हणून आकडा कमी सांगितलात. मनात होतं तेच तोंडातून आलं.”

हीच भीती गिरणीपासून घरापर्यंत मिस्त्रीच्या सोबत चालत आली होती. त्याने स्वतःच्या मनात सळई तिरपी घालून पाहिली होती आणि खाली काहीतरी टण्ण वाजलं होतं. पण मग त्याला एक गोष्ट सुचली आणि बुडत्याने फळी धरावी तशी त्याने ती धरली.

“तसं असतं तर गिरणीचं दार कशाला आखूड केलं असतं? गिरणीवाल्याला काय मी घरी ठेवून घेणार होतो?”

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या हातांनी कंबर सोडली.

“त्या दाराचे उपकार माना,” ती म्हणाली, आणि टाचा घासायचा दगड शोधायला गेली.

मुलगा पहाटेच्या गाडीने गेला. फौजीकाका सोबत होते, कारण कागद तांदळाच्या पिठाने पांढरा झाला होता आणि तो का पांढरा झाला हे समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. तिसऱ्या दिवशी दोघे परतले. नऊ फुटांचा खड्डा मुलाने उडी मारून ओलांडला होता, धावण्यात चौथा आला होता, आणि भिंत बांधायच्या परीक्षेत साहेबाने ओळंबा सोडून विचारलं होतं, कुणाकडे शिकलास.

“मग तू काय सांगितलंस?” मिस्त्रीने विचारलं.

“ओळंब्याकडे,” मुलगा म्हणाला, आणि बापासमोर हे नाव पहिल्यांदाच तोंडातून गेलं म्हणून जीभ चावली.

महिन्याभराने तो प्रशिक्षणाला निघाला. मिस्त्रीने त्याच्या पिशवीत नवी टेप घातली. “पूल बांधायला पुरी टेप लागते. मला माझी थोटी बरी.” गाडी सुटताना आईने खिडकीतून पोराचा हात धरला होता तो गाडी चालायला लागल्यावर सोडला. मिस्त्री जरा लांब उभा होता, उजवा हात त्याला वर करता येत नव्हता म्हणून डावा हलवत. गाडी दिसेनाशी झाली तरी तो हात खाली आला नाही, तेव्हा आईने तो धरून खाली घेतला.

आता घमेली आई वाहते. शाळेचं कुंपण दोघांनी मिळून केलं. थोट्या टेपेचं एक टोक ती धरते, दुसऱ्या टोकाला मिस्त्री आकडा वाचतो, आणि तो बोलायच्या आत ती दरडावते, “नीट बघून सांगा. पुन्हा कुणाचं लेकरू आखूड कराल.”

गिरणीचं दार मात्र तसंच आहे. सुतार फुकटात नवं करून द्यायला तयार होता, गिरणीवालाही मागे लागला होता, पण मिस्त्रीने ऐकलं नाही. दाराच्या कडेला आणि खाली एकेक पट्टी जोडून घे म्हणाला, आणि पट्टी मुद्दाम वेगळ्या लाकडाची लाव, दिसली पाहिजे. सुताराने कपाळाला हात लावला आणि पांढऱ्या लाकडाची लावली. जो माणूस केसभर वीट पुढे आली तर भिंत उकलायचा, तो आता दळणाला आलेल्या अनोळखी माणसालाही हाताला धरून त्या दारापाशी नेतो.

“ही पट्टी बघितलीत?” तो म्हणतो. “हे माझं चुकलेलं माप.”

आणि तीन बोटं त्या पांढऱ्या पट्टीवर ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहतो.